एक खटका जास्त

आधी एअर फिल्टर.
बाकी सगळं नंतर, हे मी गुलजमीनला पहिल्याच दिवशी सांगितलं.
बदायरची वाळू लाल, पिठीसारखी चाळलेली,
ती दार वाजवून येत नाही.
स्पंज रॉकेलमध्ये बुडवायचा, दाबायचा,
पिळायचा नाही, पिळला की फाटतो.
मग साबणाचं पाणी, मग सावली.
सुकला की तेल, बोटांनी जिरवत,
तान्ह्याच्या टाळूवर जिरवतात तसं.
आणि कडेला ग्रीस.
शिरायचं ते कडेनेच शिरतं.

चेन तीन बोटं ढिली.
कोणाची बोटं, गुलजमीन विचारतो,
आणि त्याचा स्वातचा पंजा माझ्या पंजाशेजारी ठेवतो.
म्हणून शेडच्या भिंतीवर मी माझी तीन बोटं खडूने काढून ठेवलीत.
चेनला ओलं तेल नाही. ओल्यावर वाळू बसते,
बसली की तिची कानस होते, दाते खात सुटते.

टायरमध्ये हवा थोडीच,
तांदळाची भाकरी थापताना पसरते
तितकं चाक पसरलं पाहिजे.
स्पोक पान्याने वाजवून बघायचे,
ताणलेला टण्ण बोलतो,
सैल झालेला थड्, घसा बसल्यासारखा.
छत्तीस आहेत. घाई असली तरी छत्तीसच असतात.

जेटचं मात्र कोणी शिकून येत नाही.
सप्टेंबरची तापलेली हवा विरळ, ती म्हणते, लहान बसव.
वाळू चाक धरून ठेवते, इंजिन धापा टाकतं, ते म्हणतं, मोठा बसव.
दोघांचंही खरं.
मी प्लग काढून बघतो :
काळा निघाला तर उधळपट्टी,
पांढरा निघाला तर उपास,
चहाच्या रंगाचा निघाला तर गप्प बसायचं.
खेडला इसाकचाच्यांच्या गॅरेजात राजदूतवर शिकलो.
तिथे प्लग बहुतेक ओलाच निघायचा.

सुहैल ब्याण्णव किलो.
तो बसला की मागची बाजू शंभर मिलिमीटर खचली पाहिजे.
टेप मी धरतो, आकडा गुलजमीन वाचतो.
मग खटके. दाबाचे वेगळे, परतीचे वेगळे.
दबलेलं किती वेगाने वर यायचं
ते परतीच्या स्क्रूवर.

अकरा वर्षं मी गाडी चालवतो
ती शेडपासून विजेच्या खांबापर्यंत.
खांबाला वळसा, आवाज ऐकायचा, बास.

गुरुवारी रात्री सुहैलची गाडी लावून झाली
आणि मी तिच्यावर बसलो.
सत्तावन्न किलो, मेडिकलच्या कागदावर आहेत.
गाडी खचलीच नाही.
कोणी बसलंय हे तिला कळलंच नाही.

उतरलो. स्प्रिंगचा नट चार फेरे सैल केला,
परतीचे तीन खटके उघडले,
टेपचं टोक चिकटपट्टीने ॲक्सलला लावून
पुन्हा बसलो, मान वाकडी करून वाचलं.
शंभर.

खांब मागे गेला.
मग पहिली टेकडी, तिच्या मागची दुसरी,
तिच्या माथ्यावर मी इंजिन बंद केलं.
खाली शेडचा एकच दिवा.
बूट काढले. वाळू रात्री गार पडते,
हे मला ठाऊक नव्हतं.

फजरच्या आधी सगळं जागेवर :
फिल्टर पुन्हा धुतला, नट चार फेरे,
खटके मोजून बंद केले.

शुक्रवारी सुहैलने हेल्मेट काढलं, म्हणाला,
परकार, मागचं चाक आज जरा घाईत वर येतंय.
वाळू मऊ असेल, मी म्हटलं,
आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन वाकलो.
तीन उघडले होते.
बंद केले होते दोन.

फिरवला तिसरा. आवाज एवढासा होतो,
घड्याळाला किल्ली देताना होतो तेवढा.
गुलजमीन मागे उभा,
भिंतीवरच्या माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवून.
सुहैलची धूळ खाली बसेपर्यंत तो थांबला,
मग हळूच म्हणाला,
उस्ताद, मी एकोणऐंशी किलो.